अकरांपैकी सहा

अभ्यासक्रम समितीवर माझी निवड झाली तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी माझं अभिनंदन केलं आणि पुढच्याच वाक्यात सांगितलं, की सर्वांत नव्या सदस्याने सचिव म्हणून इतिवृत्त लिहायचं असतं. मी हो म्हणाले. सहायक प्राध्यापकाच्या चौथ्या वर्षात माणूस बहुतेक गोष्टींना हो म्हणतो. टेन्यूरची, म्हणजे कायम नेमणुकीची, फाइल दीड वर्षांनी वर जाणार होती, आणि तिच्यातलं पहिलं पत्र विभागप्रमुखांचंच असणार होतं.

न्यू जर्सीतल्या आमच्या सरकारी विद्यापीठात काय शिकवायचं हे प्रशासन ठरवत नाही, शिकवणारे ठरवतात. निदान रीत तशी आहे. एखादा नवा कोर्स कायमचा करायचा असेल तर तो विभागातून कॉलेजच्या समितीकडे आणि तिथून विद्यापीठाच्या अभ्यासक्रम समितीकडे येतो. ही समिती अकरा जणांची. एकाआड एक बुधवारी दुपारी दोन वाजता, ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत ती भरते. अध्यक्ष होत्या संगीताचा इतिहास शिकवणाऱ्या एक बाई. अतिशय मृदू आवाजात त्या म्हणायच्या, "आपण अजून दुसऱ्याच मुद्द्यावर आहोत," आणि मला खुर्चीतून उठून खिडकी उघडावीशी वाटायची. खिडक्या उघडत नसत.

माझं काम विदेचं, म्हणजे डेटाचं. जनुकीय नोंदींमधून आकडे काढायचे, त्यांना मॉडेल बसवायचं, चूक कुठे आहे ते शोधायचं. बसून राहण्याची मला सवय आहे, पण निष्कर्षाकडे न सरकणाऱ्या बोलण्याजवळ बसून राहण्याची नाही. पहिल्या महिन्यात मी वहीच्या मागच्या पानावर कोण किती मिनिटं बोललं याची नोंद ठेवत असे. नंतर ते बंद केलं, कारण त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. फक्त माझा पाय टेबलाखाली अधिक जोरात हलायचा.

त्या वसंतात समितीपुढे ताईंचा कोर्स आला.

ताई मूळच्या नागपूरच्या, रसायनशास्त्रातल्या पीएचडी, आमच्याच विद्यापीठात लेक्चरर. लेक्चरर म्हणजे टेन्यूर नाही, समितीवर जागा नाही, मत नाही. दर वर्षी जूनमध्ये येणारं एक पत्र, किंवा न येणारं. आम्ही दोघी पिस्कॅटवेत एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहतो. मला गाडी चालवायचा कंटाळा आणि त्यांना एकटीने चालवायचा, म्हणून तीन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून विद्यापीठात जात होते. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अहो-जाहो करते, त्या मला अगं-तुगं.

दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून थेट आमच्या तिसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक ब्रिज कोर्स उभा केला होता. प्रयोगाची वही कशी लिहायची, आलेख कसा वाचायचा, मोजमापातली अनिश्चितता म्हणजे काय, प्राध्यापकाच्या खोलीत जाऊन प्रश्न कसा विचारायचा. दिवसा वर्ग आणि संध्याकाळी दुकानात काम करणारी मुलं होती ती. तीन वर्षं तो प्रायोगिक म्हणून चालला. नियमाप्रमाणे चौथ्या वर्षी एक तर कायम व्हायचा, नाही तर बंद. ताईंचं नेमणुकीचं पत्र त्या कोर्सला जोडलेलं होतं. कोर्स गेला की पत्र येणार नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच, रूट अठरावर सिग्नलला थांबलेलो असताना सांगितलं होतं, आणि हिरवा लागल्यावर विषय बदलला होता.

समितीत कोर्सला विरोध होता तो प्रामुख्याने आमच्या विभागप्रमुखांचा. प्रयोगशाळेच्या वेळा कमी पडतील, असं त्यांचं म्हणणं. ते वाईट गृहस्थ नाहीत. माझ्या पहिल्या ग्रँटचा मसुदा त्यांनी तीनदा वाचला होता. समितीत ते माझ्या बरोबर समोर बसत.

चर्चा पन्नास मिनिटं चालली. मी सगळं लिहून घेत होते आणि एक शब्द बोलले नाही. मग अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. बाजूने पाच. विरोधात चार. "तटस्थ?" मी हात वर केला. माझ्याबरोबर एका ग्रंथपाल बाईंनीही.

तेव्हा मी स्वतःला दिलेलं कारण असं होतं: ताई माझ्या परिचयाच्या आहेत, मी त्यांच्या गाडीतून येते, तेव्हा मत न देणं हेच सचोटीचं. कारण नीटनेटकं होतं. पण हात वर जाण्याआधी माझी नजर विभागप्रमुखांकडे गेली होती, आणि त्यांनी ती पाहिली होती.

पाच विरुद्ध चार. ठराव संमत झाला असं अध्यक्षांनीही धरलं आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. मी टेबलाखालीच ताईंना मेसेज केला: "झालं!!" मत दिलंही नव्हतं, काम झालंही होतं, आणि समोरच्या माणसाला दुखवलंही नव्हतं. त्या दुपारी मी स्वतःवर बरीच खूश होते.

शुक्रवारी सकाळी अध्यक्षांची ईमेल आली. इतिवृत्ताच्या मसुद्याबद्दल आभार. एक छोटी शंका. आपल्या नियमावलीत ठराव संमत व्हायला मत देणाऱ्यांचं नव्हे, तर उपस्थित सदस्यांचं बहुमत लागतं, असं त्यांच्या लक्षात आणून देण्यात आलं होतं. उपस्थित अकरा. म्हणजे सहा. बाजूने पाच. तेव्हा कृपया "संमत"च्या जागी "असंमत" करावं.

मी ते कलम उघडलं आणि दोनदा वाचलं. त्यात काहीही संदिग्ध नव्हतं. माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी दर सत्रात एक पूर्ण तास फक्त या एका गोष्टीवर देते, की जे उत्तर आलं नाही ते शून्य नसतं, तेही निकालाला कुठल्या तरी दिशेने ओढतं. छेद पाहिल्याशिवाय अपूर्णांकावर बोलू नका, असं मी फळ्यावर लिहिते. आणि मी अंश मोजून घरी गेले होते. अकरांच्या छेदात मी होते. माझा हात तटस्थ म्हणून वर गेला काय आणि विरोधात वर गेला काय, हिशेब तोच होता. त्या खोलीत एकच मत कमी पडलं होतं, आणि ते कुणाचं, हे सांगायलाही कुणी नको होतं.

त्या संध्याकाळी परतताना मी ताईंना गाडीत सांगितलं. सगळं सांगितलं, मी तटस्थ राहिले होते हेसुद्धा. ते त्यांना माहीत नव्हतं.

ताईंनी रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "मी वर्गात सांगून टाकलं ना ग, पोरांना. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"ताई, सॉरी. मला खरंच वाटलं की—"

"तू स्टॅटिस्टिक्स शिकवतेस."

"हो."

"पगार घेऊन?"

त्यांनी इंडिकेटर दिला, लेन बदलली.

"सॉरी ठेव तुझ्याजवळ. मला त्याने कोर्स नंबर नाही मिळत. पुढचं कलम वाचलंस का?"

"कुठलं?"

"बाप्पा! मत तुला, आणि नियम मी वाचू? रिकन्सिडरेशन. झालेला ठराव परत मांडता येतो, त्याच सेमिस्टरमध्ये. पण जी बाजू जिंकली तिच्यातल्याच कुणीतरी मांडायला पाहिजे."

"म्हणजे मी नाही मांडू शकत."

"तू कुठल्याच बाजूला नव्हतीस ना. आरामात बसली होतीस." मग जराशा मऊ आवाजात, "माझे बाबा ऑफिसात साधे क्लार्क होते. साहेबलोकांना एकही जीआर पाठ नसायचा, यांना सगळे. मत नव्हतं ना त्यांना. मग वाचायचे."

विरोधात मत देणारे चार. विभागप्रमुख बाद. दोघांना मी नावापलीकडे ओळखत नव्हते. उरले काका.

काका म्हणजे अभियांत्रिकीतले सर्वांत जुने प्राध्यापक, मूळचे पुण्याचे, चार दशकांहून अधिक काळ या देशात. विद्यापीठात मी त्यांना प्रोफेसर म्हणते आणि वेस्ट विंडसरच्या त्यांच्या घरी काका. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं आणि येताना लोणच्याची बाटली दिली होती. रविवारी सकाळी मी फोन करून गेले. काका मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. मी उभ्या उभ्याच विषय काढला.

"म्हणजे तुझी चूक मी निस्तरायची?" ते म्हणाले.

"हो."

"आणि मी ज्याच्या विरोधात मत दिलं, तोच ठराव मीच परत मांडायचा. हरण्यासाठी."

"तुमचं मत बदला असं मी म्हणतच नाही, काका. परत विरोधात द्या. फक्त मोजणी परत होऊ दे."

"यांच्याकडून रिकन्सिडर?" काकू दारातून म्हणाल्या. "लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. अजून थर्मोस्टॅट रिकन्सिडर झालेला नाही."

काका हसले नाहीत. काठीला सुतळी गुंडाळत म्हणाले, "मी विचार करून विरोध केला. उगाच नाही. दोन सूटकेस घेऊन आलो मी. मला कुणी दिला होता ब्रिज? तिसऱ्या वर्षात आलात ना, मग तिसऱ्या वर्षाचं यायला हवं. येत नसेल तर आणखी एक सेमिस्टर घ्या. स्टँडर्ड खाली आणून कुणाचं भलं होतं?"

स्टँडर्ड हा शब्द मी भारतातही पुष्कळ ऐकला होता. कुणाबद्दल बोलताना तो बाहेर येतो हेही मला माहीत होतं. ताईंनी तो माझ्याहून कितीतरी जास्त वेळा ऐकला असणार. मला राग आला आणि त्या रागामुळेच बहुधा मी एरवी बोलले नसते ते बोलले.

"तुमच्या पहिल्या सेमिस्टरची गोष्ट तुम्ही मला तीनदा सांगितली आहे. तुमचा पहिला लॅब रिपोर्ट प्राध्यापकांनी लाल करून परत दिला. मग दर गुरुवारी त्यांनी तुम्हाला समोर बसवून एकेक वाक्य लिहायला शिकवलं. डिसेंबरपर्यंत."

"मग?"

"तो ब्रिजच होता, काका. तुम्ही एकटेच होतात त्या वर्गात, एवढंच."

काकू दारातच थांबल्या होत्या. काकांनी सुतळी कात्रीने कापली, गाठ तपासली आणि पुढच्या रोपाकडे गेले. मला वाटलं, संपलं.

"हे तू मीटिंगमध्ये का नाही बोललीस?" पाठ माझ्याकडे ठेवूनच त्यांनी विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी दिलं. टेन्यूर, पत्र, समोरची खुर्ची. त्या अंगणात ते फार लहान वाटलं.

"भीती वाटली म्हण ना. मराठीत सोपं आहे." ते वळले. "मी मांडतो. मत माझं विरोधातच राहील. पण आधी तू उभी राहून सांगायचंस, तू तटस्थ का राहिलीस ते. आणि ते मिनिट्समध्ये आलं पाहिजे."

"मिनिट्स मीच लिहिते."

"म्हणूनच सांगतोय."

मधल्या दहा दिवसांत मी त्या एका निवेदनाचे सात मसुदे केले. पहिला सर्वांत लांब होता आणि त्यात "प्रक्रियेविषयीचा गैरसमज" हा शब्दप्रयोग दोनदा होता. तो खोटा नव्हता, म्हणून काढून टाकायला अधिक अवघड गेला. प्रयोगशाळेत विद्यार्थिनी काही विचारायला आली की मी तिचं वाक्य पूर्ण होण्याआधीच उत्तर देत असे. रोज सकाळी मी ताईंच्या शेजारी बसत होते. त्या कोर्सबद्दल एक अक्षर काढत नव्हत्या. रेडिओवरच्या ट्रॅफिकच्या बातम्या आम्ही इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकल्या नव्हत्या.

बुधवारी काकांनी पुनर्विचाराचा प्रस्ताव मांडला तेव्हा खोलीत पहिल्यांदाच कुणी फोनकडे पाहत नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उभी राहिले, जे त्या समितीत कुणी करत नाही.

"मागच्या वेळी मी तटस्थ राहिले," मी म्हणाले, "कारण या कोर्सच्या बाजूने मत दिलं तर माझ्या विभागात ते माझ्याविरुद्ध जाईल, अशी मला भीती वाटली. कुणी मला तसं सुचवलंही नव्हतं. मी मत न देणं म्हणजे कुणाच्याच बाजूचं नसणं, असं मला वाटलं होतं. नियम तसा नाही."

मी बसले. विभागप्रमुख समोरच्या कागदावर पेनने एक सरळ रेघ ओढत होते. ती पूर्ण झाल्यावर त्यांनी तिच्याखाली दुसरी ओढली.

पुनर्विचार मान्य झाला. मग मूळ ठराव. विरोधात आधी हात मोजले गेले: काका, विभागप्रमुख, ते दोघे, आणि या वेळी ग्रंथपालसुद्धा. पाच. ग्रंथपालांनी नियम वाचला होता आणि आपलं खरं मत दिलं होतं. माझ्यासारख्या त्याही इतके दिवस छेदात बसून होत्या. मग बाजूने. मी हात वर केला आणि मोजणी संपेपर्यंत खाली घेतला नाही. सहा.

बाहेर कॉरिडॉरमध्ये विभागप्रमुख लिफ्टजवळ थांबले होते. "इतिवृत्तात काय केलं ते लिहितात," ते सौम्यपणे म्हणाले, "काय बोललं गेलं ते नाही. नियमावलीतच आहे. तुमच्या हिताचंच आहे." आणि ते बरोबर होतं. मी नियमावली आता वाचलेली होती.

मी जिन्याने उतरून समोरच्या इमारतीत ताईंच्या प्रयोगशाळेकडे गेले. त्या एका मुलाला ब्युरेटच्या काचनळीतलं वाचन डोळ्याच्या पातळीवर कसं घ्यायचं ते गुडघे वाकवून दाखवत होत्या. मी दारातल्या काचेतून दिसले असणार, पण त्याचं वाचन नीट येईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग हातमोजे काढत बाहेर आल्या.

"किती?"

"सहा-पाच."

"काका?"

"विरोधात."

त्यांना हसू फुटलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि ते हसूच होतं की आणखी काही, हे मी पाहिलं नाही. मी त्यांना काकांची अट आणि लिफ्टजवळचं बोलणं सांगितलं.

"मग नको लिहू," त्या लगेच म्हणाल्या. "बोललीस, झालं. अगं, तुलाच उद्या टेन्यूर नाही मिळालं तर इथे मत कुणाचं मागू मी? डोकं वापर जरा."

मी डोकं वापरलं. इतिवृत्तात लिहिलं: "सचिवांनी मागील बैठकीतील आपल्या तटस्थतेविषयी निवेदन केले." एक ओळ. नियमात बसणारी, अटही जवळजवळ पाळणारी. ती लिहिताना मला कळत होतं की मी पुन्हा मधली जागा शोधते आहे, आणि तरी मी मसुदा पाठवून दिला.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त मंजुरीला आलं. कुणाला काही दुरुस्ती? काकांनी हात वर केला. निवेदन केलं असं लिहिलं आहे, ते म्हणाले, पण काय ते नाही. आणि एका सदस्याच्या विनंतीवरून निवेदन शब्दशः नोंदवता येतं, कलम अमुक. त्यांनीही वाचून ठेवलं होतं तर. अध्यक्षांनी मृदू आवाजात विचारलं, सचिव ते पुन्हा सांगू शकतील का, नोंदीसाठी? माझ्याकडे कागद नव्हता. मी तीच वाक्यं पुन्हा उच्चारली आणि उच्चारता उच्चारता टाइप केली, आणि विभागप्रमुखांनी या वेळी रेघा ओढल्या नाहीत. ते थेट माझ्याकडे पाहत होते. त्या पाहण्याचा अर्थ काय, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्याकडे तेवढा एकच नमुना आहे. मंजूर झालेलं इतिवृत्त कोर्सच्या अर्जाला जोडून वर गेलं.

ताईंचं पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं ठेवून त्यांनी मला फोनवर दाखवलं.

"एक वर्ष," त्या म्हणाल्या. "कोर्स पर्मनंट, बाई टेम्पररी. त्यासाठी वेगळी कमिटी असते म्हणे."

"कुठली?"

"नेमणुकांची. लेक्चररना तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचा प्रस्ताव पडून आहे तिथे, दोन वर्षं. तुझ्या विभागाची एक जागा रिकामी होतेय तिच्यावर, पुढच्या वर्षी सप्टेंबरात."

माझी फाइल वर जायची तीच वेळ. त्यांनाही ते माहीत होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. नुसतं सांगितलं आणि सीटवरची त्यांची पर्स मागे टाकून माझ्यासाठी जागा केली.

त्या जागेसाठी नाव कुणाकडे द्यायचं असतं, ते मी घरी पोचायच्या आत शोधून काढलं. विभागप्रमुखांकडे.